प्रकल्प नोंदी: ईमॅक्सच्या पलीकडचा आर

सोमवार, ७ ऑगस्ट २०२३

सर्वेक्षणाच्या विश्लेषणासाठी विभागातलं जुनं मशीन मिळालं. मेमरी भरपूर, बाकी सगळं २०१९ सालात थांबलेलं: डेबियन १० ही लिनक्स प्रणाली, ईमॅक्स २६.१ हा मजकूर-संपादक. प्रशासकाचे अधिकार नाहीत, म्हणजे जे बसवायचं ते आपल्या होम डिरेक्टरीतच. ईमॅक्स २९.१ आठवड्यापूर्वीच आलंय, पण ते बांधत बसायला वेळ नाही. आर (संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा) मात्र सोर्सपासून बांधलं, ४.३.१, होममधल्या 'ऑप्ट' फोल्डरात. डॉट-बॅशआरसीत (टर्मिनलची सेटिंग फाइल) पाथला, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीला, तो फोल्डर जोडला, भाषेची ओळही तिथेच लिहिली. टर्मिनलमध्ये आर उघडलं, ४.३.१ आलं. एक काम संपलं.

ईमॅक्सची सेटिंग फाइल जुन्या लॅपटॉपवरून उचलली. सात-आठ वर्षांचा संसार आहे, अर्ध्या ओळी कशासाठी लिहिल्या ते मलाही आठवत नाही. ईमॅक्स डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) म्हणून सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) यूजर सर्व्हिसला जोडून टाकलं. २६ पासून ती सर्व्हिस फाइल सोबतच येते. लॉगिन केलं की ईमॅक्स मागे तयार असतं, खिडकी डोळ्याचं पातं लवतं तोवर उघडते.

ईएसएस (ईमॅक्समधून आर चालवणारं पॅकेज) उतरवायला गेलो तर पॅकेजांचं भांडारच उघडेना. 'डाउनलोड करता आलं नाही' एवढंच. नेट चालू, ब्राउझर चालू. हा २६.१ चा जुना आजार निघाला: टीएलएस १.३ या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवरून बोलताना ते अडखळतं, २६.३ मध्ये दुरुस्त झालंय. गनूटीएलएसच्या (ती जोडणी करणारी लायब्ररी) प्राधान्यक्रमातून १.३ वगळणारी एक ओळ घातली आणि भांडार उघडलं. लगेच पुढचा अडसर, पॅकेजांची डिजिटल सही पटत नाही. या आवृत्तीत आलेली भांडाराची किल्ली २०१९ च्या सप्टेंबरातच मुदत संपून बाद झाली आहे. सही तपासणं घटकाभर बंद केलं, नवी किल्ली आणणारं पॅकेज बसवलं, तपासणं परत चालू केलं. हे परत चालू करायचं विसरणारे बरेच असतील. मी पण विसरलो होतो, जेवून आल्यावर आठवलं.

मंगळवार, ८ ऑगस्ट

एम-एक्स आर, म्हणजे ईमॅक्सच्या आत आर सुरू करायची आज्ञा. पटकन उघडलं. स्क्रिप्टमधल्या पहिल्या पाच ओळी गेल्या, सहावीवर एरर: अनपेक्षित '>'. त्या ओळीत नवा पाइप (एका कामाचं उत्तर पुढच्या कामाला देणारं चिन्ह) आहे, |> हा. टर्मिनलमध्ये तीच ओळ चिकटवली, बिनतक्रार चालली.

म्हणजे ईएसएस ओळ पाठवताना काहीतरी मोडतंय, असं ठरवून टाकलं. पाइप ओळीच्या शेवटी ठेवून पाहिला, सगळं एका ओळीत घेऊन पाहिलं, कंट्रोल-सी कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-एंटरने एकेक ओळ धाडून पाहिली. तीच एरर. दीड तास गेला. शेवटी फाइलभर शोधून |> च्या जागी जुना %>% घातला. चाललं. मॅडमना शुक्रवारी पहिलं टेबल हवंय, कारण नंतर शोधू.

बुधवार, ९ ऑगस्ट

किरकोळ. नावात अंडरस्कोर टाइप केला की त्याऐवजी <- उमटतं, दुसऱ्यांदा दाबला की खरा अंडरस्कोर येतो. कंट्रोल-एच के करून त्या कळीलाच विचारलं. ईएसएसचं काही नाही, माझ्याच सेटिंग फाइलीत मी ही कळ बांधून ठेवलेली. पूर्वी ईएसएस हे आपणहून करायचं, नंतरच्या आवृत्त्यांत ते बंद झालं, तेव्हा मी हट्टाने परत आणलं असणार. ओळ उडवली.

या विचित्र कळीला वंशावळ मात्र आहे. १९६३ च्या आस्कीत (अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण) ९५ क्रमांकाच्या जागी अंडरस्कोर नव्हता, डावीकडे तोंड केलेला बाण होता. १९६७ च्या सुधारणेत तिथे अंडरस्कोर आला. बेल लॅब्जमधल्या एस भाषेत, म्हणजे आरच्या पूर्वजात, अंडरस्कोर म्हणजेच 'किंमत दे', आरमधल्या बाणाचं काम. आरनेही ते २००३ पर्यंत चालवून घेतलं. नावात अंडरस्कोर चालू लागला त्याच्या पुढच्या वर्षी. माझ्या बोटांची सवय त्या बाणाची उरलीसुरली सावली म्हणायची.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून केलेलं गणित) ५,००० वेळा. पॅराग्राफवर कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबलं आणि ईमॅक्स थिजलं. कर्सर हलेना, दुसरी फाइल उघडेना. कंट्रोल-जी दोन-तीनदा दाबल्यावर सुटलं. आर मागे बिचारं इमानदारीत गणित करत होतं.

याचं कारण सरळ सापडलं. ईएसएसमध्ये 'इव्हॅल-व्हिजिबली' नावाचं चल आहे. ते मुळात 'हो' असतं: ओळ पाठवायची, आरचा प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबायचं, मग पुढची. ओळ आणि उत्तर एकाखाली एक नीट दिसावं म्हणून ही सोय. दोन सेकंदांच्या गणिताला ठीक, वीस मिनिटांच्या गणिताला ती शिक्षा. 'नो-वेट' ठेवलं. आता ओळी दिसतात पण ईमॅक्स वाट बघत बसत नाही. 'नाही' ठेवलं तर अजून वेगवान, पण मग काय पाठवलं ते दिसत नाही, आणि मला दिसायला हवं.

एक सावधगिरी: स्क्रिप्टच्या बफरमध्ये कंट्रोल-सी कंट्रोल-सी म्हणजे 'चालव', आरच्या बफरमध्ये त्याच कळा म्हणजे 'थांबव'. कुठे आहोत ते न बघता दाबलं आणि पंधरा मिनिटांचं गणित मारलं. दोनदा.

टेबल पाठवलं.

सोमवार, १४ ऑगस्ट

आज देवनागरी. उत्तरांची लेबलं मराठीत आहेत. सीएसव्ही वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये लिहायची रीत) सांगितलेलं आहे, तरी 'नाही' छापायला सांगितलं की <यू+०९२८><यू+०९३ई>... अशी माळ येते. म्हणजे अक्षरं हरवलेली नाहीत, आरला ती ओळखता येतात, फक्त छापायची हिंमत नाही. लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) विचारलं: 'सी'. सी लोकेलमध्ये आस्कीपलीकडचं काही छापायचं नाही असाच नियम.

पण भाषेची ओळ मी डॉट-बॅशआरसीत लिहिली होती की! टर्मिनलमध्ये आर उघडून पाहिलं, तिथे मराठी स्वच्छ दिसतं.

आरच्या आतून लोकेल सी.यूटीएफ-८ केलं. डेबियनवर ते नेहमी हाताशी असतं. आता <यू+> गेलं आणि त्याजागी \३४०\२४४\२५० आलं. हे 'न'चे तीन बाइट, ऑक्टलमध्ये. म्हणजे आरने आपलं काम केलं, आता ईमॅक्सला ते बाइट जोडून अक्षर करायचं कळत नाही. कंट्रोल-एक्स, रिटर्न, पी, आणि दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ सांगितलं. 'नाही' आलं. बरं वाटलं, शब्द नकारार्थी असला तरी.

लोकेलची ओळ होममधल्या डॉट-आरप्रोफाइलमध्ये (आर सुरू होताना वाचतं ती फाइल) टाकली, ईमॅक्सची सेटिंग फाइलीत. टर्मिनलमध्ये ठीक आणि इथे बिघडलेलं, हे दुसऱ्यांदा झालं. हे मी लिहून ठेवतोय, पण आत्ता त्यामागे जात नाही.

बुधवार, १६ ऑगस्ट

लेबलांची लांबलचक यादी एका ओळीत होती, कुठल्या तरी स्प्रेडशीटमधून जोडून आणलेली. ती ओळ धाडली आणि आरचा प्रॉम्प्ट + होऊन बसला. म्हणजे अवतरणचिन्ह किंवा कंस बंद व्हायची वाट बघतंय. फाइलीत कंस मोजले, पूर्ण आहेत. तीच फाइल कंट्रोल-सी कंट्रोल-एलने सबंध लोड केली तर गुपचूप चालते.

इथे खरं गणित आहे. आरच्या कन्सोलवर एका ओळीला मर्यादा आहे, सुमारे ४,०९५ बाइट. बाइट, अक्षरं नव्हे. इंग्रजी मजकुराला ही मर्यादा क्वचित जाणवते. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, मात्रा आणि हलन्तही स्वतंत्र चिन्हं. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर, आरला ४ चिन्हं, तारेवर १२ बाइट. म्हणजे मराठीसाठी ती मर्यादा १,३६५ चिन्हांची. 'पूर्णपणे सहमत' हे लेबल घेतलं तर १२ चिन्हांचे ३६ आणि मधल्या जागेचा १, एकूण ३७. वर दोन अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, जागा: ४१. अशी शंभर लेबलं म्हणजे ४,१०० बाइट, आणि शेवटच्या लेबलाची शेपटी कापली गेली की बंद व्हायचं अवतरणचिन्ह गायब. मग आर + दाखवत बसणारच.

फाइल लोड केली की मजकूर कन्सोलवरून जातच नाही, आर स्वतः फाइल वाचतं. म्हणून तिथे अडत नाही. ओळ तोडून दर ओळीत पाच लेबलं केली. खरं तर ही यादी स्क्रिप्टमध्ये हवीच कशाला, वेगळ्या सीएसव्हीत हवी. तेही केलं.

या सगळ्या प्रकरणात आज जीव रमला, कारण इथे दोष खरा जिथे दिसला तिथेच होता.

ता.क. संध्याकाळी आर पुन्हा सुरू केलं तर <यू+> परत. अजून एकदा सुरू केलं तर नाही. कधी लागू पडतं, कधी नाही. कळत नाही.

गुरुवार, १७ ऑगस्ट

सर्वेक्षणावर माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीचा निरोप: "अरे, कामावर जायला लागणाऱ्या मिनिटांची सरासरी तू काय काढली आहेस? माझी जुळत नाही."

जुळत नव्हती. माझा आकडा अशक्य नव्हता, म्हणूनच कोणाला खटकला नव्हता. मॅडमनाही नाही. तीच सीएसव्ही, तीच स्क्रिप्ट. तिने पाठवलेली फाइल आणि माझी फाइल बाइटशी बाइट ताडून पाहिली, एकच आहेत. तिने नमुन्याचे अनुक्रमांकही धाडले. आम्ही दोघं सेट-सीड १२३ (यादृच्छिक निवड दर वेळी तीच यावी म्हणून द्यायचा आकडा) वापरतो, तरी निवडलेल्या ओळी वेगळ्या.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

फोनवर बसून एकेक ओळ चालवली. ती म्हणाली, "सर्वेक्षण बाजूला ठेव. सीड १२३, मग १ ते १० मधून सॅम्पल. काय येतं?"

माझं: ३ ८ ४ ७ ६ १ १० ९ २ ५.
तिचं: ३ १० २ ८ ६ ९ १ ७ ५ ४.

पहिला आकडा दोघांचा ३. मी त्याच्यावरच समाधान मानून "जुळतंय" म्हणणार होतो. ती पुढचे वाचून गप्प झाली आणि म्हणाली, "तुझं आर ३.६ च्या आधीचं आहे."

"छे, ४.३.१. मी स्वतः बांधलंय." पुराव्यासाठी टर्मिनल उघडून तिच्यासमोर तेच चालवलं. तिथे ३ १० २ ८... तिचीच माळ. मग ईमॅक्समध्ये आवृत्ती विचारली.

आर ३.५.२. २० डिसेंबर २०१८. टोपणनाव 'एगशेल इग्लू'. मशीनसोबत आलेलं, /यूएसआर/बिन मध्ये बसलेलं. माझं ४.३.१, 'बीगल स्काउट्स', ईमॅक्सला माहीतच नव्हतं. दहा दिवस मी अंड्याच्या टरफलाच्या घरात राहत होतो.

आर सुरू होताना आवृत्ती आणि हे टोपणनाव पहिल्याच ओळीत छापतं. मला ते दिसलं नाही, कारण माझ्या सेटिंग फाइलीत आरला 'क्वाएट' सुरू करायचा आदेश आहे. ती पाटी दर वेळी बघायचा कंटाळा येतो म्हणून मीच कधीतरी घातलेला. आणि नवं पॅकेज नाही म्हणून अडावं, तर तेही घडलं नाही: आधी कोणीतरी जुना पाइप देणारं डीप्लायर वगैरे सिस्टिममध्ये बसवून ठेवलेलं, त्यामुळे %>% मजेत चाललं. अडलं असतं तर मंगळवारीच उलगडा झाला असता.

आता सगळं मागे जाऊन वाचता येतं. |> आणि \ ने सुरू होणारं छोटं फंक्शन आले ४.१.० मध्ये, २०२१ ला. ३.५.२ ला तो '>' अनपेक्षित वाटणारच. सॅम्पलची पद्धत बदलली ३.६.० मध्ये, २०१९ ला. आधी यादृच्छिक अपूर्णांक लोकसंख्येच्या आकाराने गुणून खाली छाटायचे, लोकसंख्या मोठी असली की त्यात काहींना किंचित जास्त संधी मिळायची. नवी पद्धत न बसणारे आकडे टाकून देते. नव्या आरमध्ये जुनी माळ हवी असेल तर 'राउंडिंग' मागता येतं, इशारा देऊन का होईना देतं.

आणि सरासरी. हे सगळ्यात वाईट. ४.० च्या आधी सीएसव्ही वाचताना मजकुराचा स्तंभ आपोआप फॅक्टर (क्रमांक दिलेल्या पातळ्यांचा स्तंभ) व्हायचा. मिनिटांच्या स्तंभात जिथे उत्तर नाही तिथे आमच्याकडे '-' आहे, त्यामुळे अख्खा स्तंभ मजकूर ठरला. पुढच्या ओळीत मी त्याचे आकडे करतो. नव्या आरमध्ये १२, ७, ३०, '-' यांचे १२, ७, ३० आणि एक रिकामी जागा होते, वर इशाराही येतो. रिकामी जागा वगळून सरासरी १६.३३. जुन्या आरमध्ये तो फॅक्टर, आणि फॅक्टरचे आकडे मागितले की पातळ्यांचे क्रमांक मिळतात. पातळ्या अक्षरक्रमाने लागतात: '-', १२, ३०, ७. म्हणजे २, ४, ३, १. सरासरी २.५. एरर नाही, इशारा नाही. आमच्या स्तंभात वेगवेगळ्या किमती भरपूर, म्हणून क्रमांकही पन्नास-साठच्या घरातले, मिनिटं म्हणून अगदी शोभणारे.

११ तारखेचं टेबल चुकीचं आहे. मॅडमना आत्ताच कळवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी कारण नक्की करा, मग नवं टेबल पाठवा. घाईत तिसरं नको."

शनिवार, १९ ऑगस्ट

कारण नक्की करायला बसलो. एम-एक्स आर चुकीचं आर का उघडतं? संशय अर्थात सात-आठ वर्षांच्या सेटिंग फाइलीवर. टर्मिनलमधून सेटिंगशिवाय ईमॅक्स सुरू केलं, फक्त ईएसएस चढवलं: ४.३.१ उघडलं. म्हणजे दोष फाइलीतच. अर्धी फाइल बाजूला काढायची, बघायचं, मग उरलेल्याची अर्धी, या रीतीने दहा-बारा फेऱ्यांत दोषी ओळ हाती लागते.

वरची अर्धी काढली. ४.३.१. बरं, दोष वरच्या अर्ध्यात. वरची ठेवून खालची काढली. ४.३.१. चहा. पाव फाइल. ४.३.१. काढण्याच्या चार वेगळ्या रीती करून झाल्या. शेवटी वैतागून काहीच न काढता, सगळी फाइल जशीच्या तशी ठेवून सुरू केलं. ४.३.१!

मग उजेड पडला. या सगळ्या फेऱ्या मी टर्मिनलमधून करत होतो. टर्मिनलमधून सुरू केलेल्या ईमॅक्सला टर्मिनलचा पाथ मिळतो, त्यात माझा 'ऑप्ट' आहे. रोजचं ईमॅक्स मात्र सिस्टिमडीने सुरू केलेलं. सिस्टिमडी डॉट-बॅशआरसी वाचत नाही, का वाचेल? ती फाइल शेलची. दोन्ही ईमॅक्स शेजारी ठेवून पाथ विचारला. टर्मिनलच्या ईमॅक्समध्ये माझा फोल्डर सर्वांत पुढे. डीमनमध्ये /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/बिन, /बिन वगैरे, बस. भाषेची ओळही त्याच फाइलीत, म्हणून तीही डीमनला नाही, म्हणून लोकेल सी.

८ तारखेचा पाइप, १४ तारखेचं देवनागरी, १७ ची सरासरी, एकच भोक. मी %>% ची एक पट्टी आणि लोकेलची दुसरी पट्टी मारून ते बुजवत बसलो आणि पाणी तिसरीकडून आलं.

सोमवार, २१ ऑगस्ट

सकाळी घाईचा इलाज केला: ईमॅक्सच्या एक्झेक-पाथ या यादीत माझा फोल्डर पुढे घातला. एम-एक्स आर, ४.३.१. झालं म्हणून अहवाल विणायला (स्क्रिप्टमधून तयार करायला) लावला तर पॅनडॉक, म्हणजे दस्तऐवजाचं रूपांतर करणारा प्रोग्राम, सापडत नाही. पॅनडॉक त्याच फोल्डरात, आरच्या शेजारी!

इथे एक बारकावा आहे जो मला इतकी वर्षं ईमॅक्स वापरून माहीत नव्हता. एक्झेक-पाथ ही ईमॅक्सची स्वतःची यादी, त्याला प्रोग्राम शोधायला. ईमॅक्स ज्या पोराला जन्म देतं, म्हणजे जो प्रोग्राम सुरू करतं, त्याच्या हाती जो पाथ जातो तो वेगळा, पर्यावरणातला. एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. ईमॅक्सला आर सापडलं, आरला पॅनडॉक सापडलं नाही.

दोन्ही एकदम दुरुस्त करायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे शेलमधून पाथ उचलून आणणारं 'एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल' पॅकेज. लोक बहुधा तेच वापरतात. त्यात भाषेचं चल आपणहून येत नाही, यादीत घालावं लागतं. शिवाय डेबियनची डॉट-बॅशआरसी शेल संवादी नसेल तर वरच्या ओळींतच माघारी फिरते, म्हणून पॅकेजला संवादी शेल उघडू द्यावा लागतो. दुसरा रस्ता सिस्टिमडीलाच सांगण्याचा: डॉट-कॉन्फिगमधल्या 'एन्व्हायर्नमेंट.डी' फोल्डरात दोन ओळींची फाइल, एक पाथ, एक भाषा. मी दुसरा घेतला. दुखणं सिस्टिमडीच्या दारात आहे, औषधही तिथेच. एक्झेक-पाथची सकाळची ओळ काढून टाकली, लॉगआउट करून परत आलो.

आर ४.३.१, लोकेल यूटीएफ-८, पॅनडॉक सापडतं. डॉट-आरप्रोफाइलमधली लोकेलची ओळ उडवली. %>% च्या जागी |> परत. 'क्वाएट' काढलं, आता पाटी दिसू दे.

शिवाय स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ: आर ४.१.० पेक्षा जुनं असेल तर पुढे जाऊच नको. आणि सीएसव्ही वाचतानाच '-' म्हणजे रिकामी जागा असं सांगितलं. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर जुन्या आरमध्येही सरासरी बरोबर आली असती. हे लिहिताना जरा लाज वाटते.

मंगळवार, २२ ऑगस्ट

सगळं नव्याने चालवलं. सरासरी जुळली. नमुना ओळीशी ओळ जुळला. प्रतिगमनाचे (रिग्रेशनचे) सहगुणक जुळले नाहीत.

गुरुवार, २४ ऑगस्ट

दोन दिवस खाल्ले या शेवटच्याने. आवृत्ती एक, डेटा एक, सूत्र एक, आणि सहगुणक वेगळे. मैत्रिणीने विचारलं, "अंदाजित किमती बघितल्यास का?" त्या शेवटच्या दशांशापर्यंत सारख्या! आर-वर्गही (मॉडेल डेटाला किती बसतं ते सांगणारा आकडा) तोच. म्हणजे मॉडेल एकच, फक्त लिहिण्याची भाषा वेगळी. गटांची तुलना कशाशी करायची हे वेगळं ठरलेलं.

तीन सारख्या आकाराचे गट, सरासऱ्या १०, २०, ३० धरा. आरची नेहमीची पद्धत पहिल्या गटाला पाया धरते: स्थिरपद १०, मग +१० आणि +२०. दुसरी पद्धत गटांच्या सरासरीला पाया धरते: स्थिरपद २०, मग -१० आणि ०. दोन्ही बरोबर. पण एकात दुसरा गट 'दहाने जास्त' आणि दुसऱ्यात 'शून्य परिणाम' दिसतो. टेबल वाचणाऱ्याने काय समजायचं!

प्रकल्पाच्या मुळाशी असलेल्या डॉट-आरप्रोफाइलमध्ये तिने दुसरी पद्धत ठरवून ठेवली होती. माझं आर ते वाचत नव्हतं, कारण एम-एक्स आर 'कुठल्या डिरेक्टरीत सुरू करू' विचारतं आणि मी दर वेळी न वाचता एंटर दाबतो. मी स्क्रिप्टच्या बफरमध्ये असतो, म्हणून ते आतल्या 'कोड' फोल्डरात सुरू होतं. आर आधी ज्या डिरेक्टरीत उघडलं तिथली डॉट-आरप्रोफाइल बघतं, तिथे नसेल तर होममधली. दोन्ही वाचत नाही.

यातच १६ तारखेच्या त्या कधी येणाऱ्या, कधी जाणाऱ्या <यू+> चं उत्तर आहे. 'कोड'मधून सुरू केलं की होमची प्रोफाइल, म्हणजे माझी लोकेलची पट्टी लागायची. कधी मुळातल्या वाचा-फाइलीत उभा राहून सुरू केलं की प्रकल्पाची प्रोफाइल, आणि पट्टी गुल.

आमचा यावर थोडा वाद झाला. तिचं म्हणणं, ईमॅक्सला प्रकल्पाचं मूळ कायमचं सांगून टाक. ते केलं, विचारणंही बंद केलं. माझं म्हणणं, निकालाचा अर्थ बदलणारी गोष्ट लपलेल्या फाइलीत असूच नये, स्क्रिप्टमध्ये हवी, जिथे वाचणाऱ्याला दिसते. प्रोफाइलमध्ये फार तर दशांश किती छापायचे ते. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, हलव." हलवलं.

सोमवार, २८ ऑगस्ट

टेबल क्रमांक १ ते ४ नव्याने, दोन मशीनवर, दोन हातांनी. चारही जुळले. खाली आवृत्ती आणि तारीख छापणारी ओळ घातली. मॅडमना पाठवताना ११ तारखेच्या टेबलात काय चुकलं होतं ते तीन वाक्यांत लिहिलं. त्यांचं उत्तर: "जुनं टेबल मी पुढे कोणाला दिलं नव्हतं. नव्यातलं तिसरं समजावून सांगायला उद्या या."

उरलेलं: आरच्या बफरमध्ये मराठी लेबलांचे स्तंभ अजून एका रेषेत बसत नाहीत, जोडाक्षर आलं की पुढचे आकडे उजवीकडे सरकतात. आर रुंदी चिन्हांवरून धरतं, फॉन्ट आपल्या मापाने काढतो. अहवालात टेबल व्यवस्थित येतं, त्यामुळे सध्या सहन करतोय.

मशीन बंद करून परत चालू केलं, नुसतं बघायला. लॉगिन, ईमॅक्स, एम-एक्स आर. पहिल्या ओळीत: बीगल स्काउट्स.